डीडब्ल्यूएमच्या बारमधलं घड्याळ पाच-पाच मिनिटांनी उडी मारतंय

टाइलवेडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. महिनाभरापूर्वी आय३ सोडून डीडब्ल्यूएमवर आलो (दोन्ही टाइलिंग, म्हणजे खिडक्या फरशांसारख्या मांडणारे, विंडो मॅनेजर). आय३स्टेटसची (घड्याळ, बॅटरी वगैरेंची ओळ तयार करणारा प्रोग्रॅम) सवय जडलेली, म्हणून बारमधला मजकूर अजून त्याच्याकडूनच घेतो. पाइपलाइन (एकाचं आउटपुट पुढच्याला) साधीच आहे: आधी आय३स्टेटस, मग एक छोटा ऑक (ओळींत फेरफार करणारं साधन), मग एकेक ओळ वाचणारा शेलचा व्हाइल-रीड लूप आणि त्या लूपमध्ये एक्ससेटरूट, जो ती ओळ रूट विंडोला (पडद्याच्या मुळाशी असलेल्या खिडकीला) नाव म्हणून लावतो. डीडब्ल्यूएम रूट विंडोचं नाव वाचतो आणि तेच बारच्या उजव्या टोकाला दाखवतो, हे बहुतेकांना माहीत असेलच. मधला ऑक फक्त दोन-तीन नको असलेले शब्द उडवायला.

भानगड अशी की बार गोठतो. घड्याळ १०:०२ वर अडकलं की अडकलंच. मग पाचेक मिनिटांनी अचानक सगळं थरथरतं, पत्ते पिसल्यासारखे आकडे झरझर पळतात, आणि बार योग्य वेळेवर येऊन पुन्हा झोपतो. आय३स्टेटसचा इंटरव्हल ५ सेकंदच आहे, तीनदा तपासला.

डोकं फिरवणारी गोष्ट पुढे आहे. हीच पाइपलाइन, शेवटचा लूप काढून, टर्मिनलमध्ये चालवली की दर ५ सेकंदांनी शहाण्यासारखी ओळ येते. म्हणजे आय३स्टेटस निर्दोष, ऑक निर्दोष. एक्ससेटरूटमध्ये काही घोळ असू शकतो का? यंत्रावर आर्च लिनक्स आहे, ग्राफिक्स इंटेलचं.

रात्रपाळी

कंपोझिटर (खिडक्यांना सावल्या, पारदर्शकता देणारा प्रोग्रॅम) चालू आहे का? पिकॉम असेल तर बंद करून बघा. माझ्याकडे पिकॉम आणि इंटेल मिळून बार गोठायचा.

टाइलवेडा

पिकॉम बसवलेलंच नाही. शिवाय बार गोठलेला असताना टॅग (डीडब्ल्यूएममधला खिडक्यांचा गट) बदलला तर डावीकडचा भाग लगेच हलतो. फक्त उजवीकडचा मजकूर शिळा राहतो.

शेलशास्त्री

एक्ससेटरूटवर संशय नको. दर वेळी नवा जन्म घेतो, नाव लावतो, मरतो. त्याच्याकडे काही साठवून ठेवायला जागाच नाही. खात्री करायची तर हाताने एकदा नाव लावून बघा, बार तत्क्षणी बदलेल.

माझ्या मते लॅपटॉप वीज वाचवायला प्रोसेसरला झोपवत असेल. टीएलपी वगैरे वीज वाचवणारं काही लावलंय का?

टाइलवेडा

हाताने लावलं, लगेच बदललं. टीएलपी आहे, पण बंद करून फरक पडला नाही.

जुनं_खोड

अंदाज बांधणं थांबवा आणि मोजा. घड्याळ नेमकं किती वाजून किती सेकंदांनी उडी मारतं ते लिहून काढा. निदान चार उड्या. सेकंदांसकट.

टाइलवेडा

काका, तुमचं ऐकलं. शेजारी खरं घड्याळ उघडं ठेवून बसलो. उड्या अशा: १०:०२:१५, १०:०७:३५, १०:१२:५०, १०:१८:१०. म्हणजे अंतर ५ मिनिटं २० सेकंद, ५ मिनिटं १५ सेकंद, पुन्हा ५ मिनिटं २० सेकंद. इतकं ठरावीक असेल असं वाटलं नव्हतं.

आणि आता एक विचित्र प्रकार ऐका. बसल्या बसल्या कंटाळा आला म्हणून ऑकमध्ये आकडे देवनागरी करायच्या ओळी टाकल्या आणि लेबलंही मराठी केली. तर घड्याळ आता २ मिनिटं ४० सेकंदांनी उडी मारतंय! बाकी कशालाही हात लावलेला नाही. मराठी केल्यावर संगणक दुप्पट वेगाने काम करतो हे मान्य करायला मला आवडेल, पण कारण हवं.

कर्सरवाली

हाहा. हे वाक्य फ्रेम करून ठेवायला हवं.

जुनं_खोड

सापडलं. मराठी केलंत ते बरं झालं, तुमच्या रोगाचं निदान त्यातच आहे.

आधी हिशोब. ५ मिनिटं २० सेकंद म्हणजे ३२० सेकंद. दर ५ सेकंदांना एक ओळ, म्हणजे ६४ ओळी. तुमची रोमन लिपीतली ओळ किती बाइटची होती ते मोजा, शेवटच्या नव्या-ओळीच्या खुणेसकट ६४ च्या आसपास भरेल. ६४ गुणिले ६४ किती? ४०९६. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं. आकडे आणि लेबलं मराठी केल्यावर तुमची ओळ साधारण १२८ बाइटची झाली असणार. मग ४०९६ भरायला ३२ ओळी पुरतात. ३२ गुणिले ५ म्हणजे १६० सेकंद. २ मिनिटं ४० सेकंद.

ही ४०९६ बाइटची बादली, म्हणजे आउटपुट साठवायचा बफर, ऑकच्या हातात आहे. सी लायब्ररीचा नियम असा की प्रोग्रॅमचं आउटपुट टर्मिनलकडे जात असेल तर ओळ पुरी झाली की बाहेर सोडायची. आउटपुट पाइपमध्ये जात असेल तर बादली काठोकाठ भरेपर्यंत धरून ठेवायची, कारण दर ओळीला कर्नलला हाक मारणं महाग. म्हणून टर्मिनलमध्ये तपासलंत तेव्हा सगळं आलबेल. तुम्ही शेवटचा लूप काढलात आणि त्याच क्षणी दोषही निघून गेला. तपासायची पद्धतच दोष झाकत होती.

थरथर का, तेही यातच आलं. बादली उपडी झाली की ६०-६५ जुन्या ओळी एकदम लूपमध्ये पडतात आणि एक्ससेटरूट त्या एकामागून एक लावत सुटतो.

आय३स्टेटस स्वतः प्रत्येक ओळीनंतर बादली रिकामी करतो, त्याचा दोष नाही. शेलचा रीड पाइपमधून एकेक बाइट उचलतो, तोही साठवत नाही. उरला ऑक. तुमच्या ऑकमध्ये प्रिंटच्या खाली एफफ्लश (बादली लगेच रिकामी करायची आज्ञा) लिहा, रिकाम्या कंसांसकट. एवढंच.

टाइलवेडा

झालं!!! एक शब्द, दोन कंस. घड्याळ टिकटिक चालतंय. ओळ मोजली, रोमन असताना ६४, कधी ६५ बाइट. ५ मिनिटं १५ सेकंदांची उडीसुद्धा त्यामुळेच. दोन आठवडे मी ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला शिव्या देत होतो. काका, साष्टांग.

शेलशास्त्री

टीएलपीबद्दलचं माझं विधान मागे घेतो. ३२० सेकंद दिसत असूनही ६४ सुचलं नाही याची लाज वाटते.

ज्यांना ऑकचा कोड बदलायचा नसेल त्यांनी ऑकच्या आधी एसटीडीबफ (दुसऱ्या प्रोग्रॅमची बफरची पद्धत बदलणारं साधन) लावावं, ओळीनिहाय आउटपुटचा पर्याय देऊन. ग्रेपला लाइन-बफर्ड असा स्वतःचा पर्याय आहे, सेडला यू, पायथनलाही यू. मात्र एसटीडीबफ ही जादूची कांडी नाही. तो प्रोग्रॅम सुरू होताना सी लायब्ररीत आपली सेटिंग घुसवतो. जो प्रोग्रॅम ती लायब्ररी वापरतच नाही, किंवा स्टॅटिक बांधलेला आहे, त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

पाइपफिटर

मी हा धागा वाचून उड्या मारत घरच्या यंत्रावर गेलो, कारण माझंही असंच होतं. एफफ्लश टाकला. काही फरक नाही! एसटीडीबफ लावला. तरीही नाही. आणि माझ्याकडे तर टर्मिनलमध्ये चालवलं तरी ओळी अडकतात. माझ्यावरच का?

जुनं_खोड

डेबियन लिनक्स आहे का?

पाइपफिटर

हो. कसं ओळखलंत?

जुनं_खोड

डेबियनवर ऑक म्हणून मुळात एमऑक येतो, आर्चवर जीऑक. एमऑक चपळ आहे, पण त्याची एक खोड आहे: पाइपमधून वाचताना तो येणाऱ्या बाजूलाही बादली भरायची वाट बघतो. म्हणजे ओळ त्याच्या पोटात जाण्याआधीच दारात अडते. आत गेलीच नाही तर एफफ्लश काय बाहेर काढणार? टर्मिनलमध्येही अडकतं ते यामुळेच. एमऑकला डब्ल्यू इंटरॅक्टिव्ह हा पर्याय द्या, नाहीतर जीऑक बसवा.

टाइलवेड्यांकडे एमऑक असता तर मराठी करून काहीही फरक पडला नसता, कारण आत येणारी ओळ रोमनच राहिली असती. मग माझंही डोकं चाललं नसतं.

पाइपफिटर

इंटरॅक्टिव्ह दिलं, चाललं. आभार.

नवा_भिडू

जरा बाळबोध प्रश्न विचारू का? मी सध्या सगळं एकत्र येणाऱ्या डेस्कटॉपवर आहे, टाइलिंगकडे यायचा विचार चालू आहे. बार दाखवायला एक प्रोग्रॅम, मजकूर द्यायला दुसरा, मध्ये तिसरा. हे एवढं तुकड्यातुकड्यांत का?

कर्सरवाली

कारण मजकूर जमवणं आणि तो रंगवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आय३स्टेटस खिडकी उघडत नाही, फाँट जाणत नाही, फक्त ओळी ओकतो. त्या ओळी कोणी रंगवायच्या ते तुम्ही ठरवता: आय३बार, डीडब्ल्यूएम, डीझेन, एक्समोबार, लेमनबार. सगळं एकाच पोटात हवं असेल तर पॉलिबार आहे, वेलँडवर (जुन्या एक्सच्या जागी आलेली नवी प्रदर्शन व्यवस्था) वेबार आहे. त्यांच्यात बॅटरी, आवाज, नेटवर्क सगळी मॉड्यूल आतच असतात, पाइपची कटकट नाही.

आय३बारची गंमत म्हणजे तो साध्या ओळींऐवजी जेसन हा माहिती मांडायचा साचाही समजतो. आधी आवृत्ती सांगणारा मथळा, मग कधीच न संपणारी यादी. प्रत्येक ठोकळ्याला स्वतःचा रंग, किमान रुंदी, नाव. ठोकळ्यावर क्लिक केलं की आय३बार त्याची बातमी उलट तुमच्या प्रोग्रॅमच्या इनपुटवर पाठवतो. स्वेचा (आय३चा वेलँडवरचा अवतार) बारही हीच भाषा बोलतो, त्यामुळे आय३ वरून स्वेवर जाताना स्क्रिप्ट जशीच्या तशी उचलता येते. एक्ससेटरूटवाल्यांना मात्र वेलँडवर काही उपयोग नाही, तिथे रूट विंडो नावाची चीजच नाही.

रात्रपाळी

मी आय३स्टेटस वगैरे भानगडीत पडलोच नाही. शेलची स्क्रिप्ट लिहिली, दर सेकंदाला सगळं गोळा करते. बॅटरी कॅट करायची, ग्रेप, कट, सेड, डेट. झकास चालतं.

शेलशास्त्री

एका फेरीत किती प्रोग्रॅम जन्माला घालता ते मोजलंय?

रात्रपाळी

आत्ता मोजले. १४.

शेलशास्त्री

दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे दिवसाला १२,०९,६०० प्रोसेस, फक्त घड्याळ आणि बॅटरी दाखवायला. संध्याकाळी नवं टर्मिनल उघडून त्याचा प्रोसेस क्रमांक बघा.

रात्रपाळी

यंत्र सकाळपासून चालू आहे. सात लाखांच्या वर आकडा आलाय. बाप रे. बॅटरी किती उरली हे बघण्यातच बॅटरी जात होती तर.

शेलशास्त्री

आय३स्टेटसच्या मॅन पेजमध्ये हीच भूमिका मांडलेली आहे: सिस्टिम कॉल मोजकेच करायचे, म्हणजे यंत्रावर ताण असतानाही ओळ वेळेवर येते आणि वीजही वाचते. तुमची स्क्रिप्ट टाकून द्यायची गरज नाही. बॅटरीची टक्केवारी सिस-क्लास-पॉवर-सप्लायखाली बॅट० च्या कपॅसिटी फायलीत असते, एका ओळीची फाइल. ती कॅटने कशाला वाचता? शेलचा स्वतःचा रीड आहे की. तापमानाची फाइल हजारपटीत आकडा देते, ४६००० म्हणजे ४६ अंश. भागाकार शेललाच येतो. डेटच्या ऐवजी बॅशच्या प्रिंटएफला वेळ छापता येते. १४ चे दोन होतील. आणि बॅटरी दर सेकंदाला कोण बघतं? ती मिनिटाने वाचा.

मेमरी दाखवत असाल तर मेमफ्री घेऊ नका, मेमअव्हेलेबल घ्या. ते ३.१४ कर्नलपासून आहे. मेमफ्री बघून लोक उगाच घाबरतात.

पाइपफिटर

हार्डवेअर मॉनिटरच्या फायली वाचणाऱ्यांना एक इशारा. एचडब्ल्यूमॉन२ असा क्रमांक स्क्रिप्टमध्ये ठोकून बसवू नका. पुढच्या वेळी यंत्र सुरू झालं की तो ३ होऊ शकतो. मी तीन दिवस एसएसडीचं तापमान प्रोसेसरचं समजून खूश होतो. त्या फोल्डरमध्ये नेम नावाची फाइल असते, ती वाचून मग ठरवा.

कर्सरवाली

आवाजाचं कसं करता सगळे? इंटरव्हल ५ ठेवला तर आवाज वाढवल्यावर बारमध्ये पाच सेकंदांनी उगवतो, आणि १ ठेवणं म्हणजे पुन्हा तीच उधळपट्टी.

जुनं_खोड

सिग्नल, म्हणजे चालू प्रोग्रॅमला दिलेला इशारा. आय३स्टेटसला यूएसआर१ हा सिग्नल पाठवला की तो झोपेतून उठून लगेच नवी ओळ देतो. आवाजाच्या कळीला जी आज्ञा बांधली आहे तिच्या शेपटीला हा सिग्नल जोडा. इंटरव्हल मग ३० सुद्धा चालेल, बारमध्ये सेकंद दाखवायचे नसतील तर. आय३ब्लॉक्समध्ये याहून बारीक काम होतं: प्रत्येक ब्लॉकला वेगळा रिअल-टाइम सिग्नल, म्हणजे आवाज बदलला तर फक्त आवाजाचाच ब्लॉक पुन्हा चालतो. वेबारच्या कस्टम मॉड्यूललाही तशीच सोय आहे.

रात्रपाळी

आता माझी स्क्रिप्ट आय३स्टेटसकडून ओळी घेते. सिग्नल जोडला, आणि आवाज वाढवताच बार गायब.

जुनं_खोड

पीकिल (नावावरून प्रोग्रॅम शोधून सिग्नल पाठवणारी आज्ञा) वापरलंत ना, एफ लावून?

रात्रपाळी

हो...

जुनं_खोड

एफ लावला की तो पूर्ण आज्ञेत नाव शोधतो. तुमच्या स्क्रिप्टच्या नावातही स्टेटस असणार. ज्या प्रोग्रॅमने यूएसआर१ साठी काही सोय केलेली नाही त्याला तो मिळाला तर मरणं हेच ठरलेलं. आय३स्टेटस उठला, तुमची स्क्रिप्ट गेली. एफ काढा आणि एक्स लावा, म्हणजे नेमकं तेच नाव जुळेल.

टाइलवेडा

धागाकर्ता परत आलाय, नवं गाऱ्हाणं घेऊन. बार टिकटिक चालतोय म्हणून हाव सुटली. पूर्ण वार, तारीख, चालू असलेल्या गाण्याचं नाव, सगळं मराठीत घातलं. आता ओळीच्या शेवटचं घड्याळच दिसत नाही. गाण्याचं नाव छोटं असलं की परत येतं. आणि तुटतं तिथे शेवटचं अक्षर चौकोनासारखं दिसतं.

शेलशास्त्री

या वेळी मी आधी मोजतो. डीडब्ल्यूएमच्या कोडमध्ये स्टेटसच्या मजकुराला २५६ बाइटचा डबा आहे, त्यातला एक शेवटच्या शून्याचा. उरले २५५. भागिले ३, म्हणजे निव्वळ देवनागरीची ८५ चिन्हं. काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजायचं. कात्री बाइट मोजून चालते, अक्षराच्या मधोमध पडू शकते. तो चौकोन म्हणजे अर्धं कापलेलं अक्षर. डीडब्ल्यूएम डॉट सी मध्ये एसटेक्स्ट शोधा, २५६ चे ५१२ करा, पुन्हा बांधा. रोमनवाल्यांना २५५ अक्षरं पुरून उरतात, म्हणून यावर कोणी बोलत नाही.

टाइलवेडा

केलं, घड्याळ परत आलं. आता शेवटचं. सोमवार ते गुरुवार बार सुरेख दिसला. आज बघतो तर "शुक् रवार", मध्ये पाय मोडलेला क. सिस्टिमची तारीख पुढे ढकलून शनिवार पाहिला तर वेलांटी न च्या पुढे जाऊन व च्या डोक्यावर बसलेली. रविवारची तीच गत.

कर्सरवाली

डीडब्ल्यूएम अक्षरं काढायला एक्सएफटी वापरतो, आणि एक्सएफटी जोडाक्षरं घडवत नाही. यूनिकोडच्या क्रमाने चिन्हं एकापुढे एक ठेवतो, बस. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनाआधी येते, साठवताना नंतर, त्यामुळे ती नेहमी उशिरा पोहोचते. आय३बार, स्वेबार आणि वेबार पँगो या अक्षरं घडवणाऱ्या लायब्ररीमधून जातात, तिथे हा प्रश्न येत नाही. डीडब्ल्यूएमसाठीही पँगोचा पॅच (मूळ कोडवर चढवायचा बदल) आहे, पण पॅच लावणं म्हणजे पुढच्या प्रत्येक आवृत्तीला तो पुन्हा बसवणं आलं.

दुसरा मार्ग: जोडाक्षर आणि ऱ्हस्व वेलांटी नसलेले शब्द निवडायचे. "चार्ज" काढून "बॅटरी", "डिस्क" काढून "जागा".

टाइलवेडा

लेबलांचं जमेल. वारांचं काय करू? ते लोकेलमधून (सिस्टिमच्या भाषेच्या सेटिंगमधून) येतात.

पाइपफिटर

ऑक आहेच की मध्ये. आमची आजी म्हणायची तसं करा: शनवार, आयतवार. दोन्हींत ना वेलांटी ना जोडाक्षर.

टाइलवेडा

वा! दोन सुटले. शुक्रवार?

शेलशास्त्री

आजीच्या तोंडी तो शुक्करवार, म्हणजे पुन्हा जोडाक्षर.

जुनं_खोड

भृगुवार. पंचांगातला शब्द आहे. ऋकार आणि उकार दोन्ही खाली लटकतात, त्यांना जागा बदलायची नसते.

टाइलवेडा

टाकला. भ च्या खालचा ऋकार किंचित उजवीकडे सरकलाय, पण वाचता येतं. मागून एकाने स्क्रीन बघून "भृगुवार म्हणजे कोणता वार?" असं विचारलंय. पॅच दर आवृत्तीला बसवण्यापेक्षा दर आठवड्याला हे समजावणं सोपं वाटतंय.